शेततळ्यात मासे किती उरले? खुणेच्या पद्धतीनं आलेला आकडा धरावा का?

शेततळं-अंबाजोगाई:
पाऊण एकराचं प्लास्टिक अस्तराचं सामूहिक शेततळं आहे. ऑगस्टमध्ये ३००० बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडली: कटला १२००, रोहू ९००, मृगळ ९००. खाद्य किती टाकायचं ते ठरवायला मासे मोजायचे होते. ओढजाळ्यानं १२० मासे धरले, शेपटीचा कोपरा कातरून सोडले. आठ दिवसांनी परत जाळं ओढलं, १०० आले, त्यात खुणेचे ८. शंभरात ८ खुणेचे, तर खुणेचे १२० कितीत, या त्रैराशिकानं १२० × १०० ÷ ८ = १५०० येतात. म्हणजे निम्मे मेले असं समजायचं का?

आकडेमोड:
नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. त्रैराशिक बरोबर आहे. मत्स्य-अभ्यासक पीटरसननं १८९६ मध्ये डेन्मार्कच्या माशांसाठी आणि पक्षी-अभ्यासक लिंकननं १९३० मध्ये अमेरिकेतल्या बदकांसाठी हाच हिशेब वापरला. पण परत सापडलेले खुणेचे मासे थोडे असले की तो आकडा फुगतो. म्हणून चॅपमनची दुरुस्ती लावा: दोन्ही खेपांच्या आकड्यांत एकेक मिळवा, गुणाकाराला (खुणेचे सापडले + १) नं भागा, शेवटी १ वजा करा.

१२१ × १०१ ÷ ९ − १ = १३५७.

आता यातली चूक किती ते बघा. विचरण (आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) = १२१ × १०१ × (१२० − ८) × (१०० − ८) ÷ (९ × ९ × १०) = सुमारे १,५५,४६३. वर्गमूळ ३९४. त्याची साधारण दुप्पट दोन्हीकडे धरली तर मासे ५८४ ते २१३० यांच्यात कुठेही असू शकतात. सगळा खेळ त्या ८ वर आहे. ८ च्या जागी ५ आले असते तर हाच आकडा २०३६ झाला असता.

दोन्ही खेपांना २००-२०० मासे धरले आणि खुणेचे २९ मिळाले, तर अंदाज १३४६ येतो आणि पल्ला ९४० ते १७५० पर्यंत आवळतो. जाळं आणखी दोनदा ओढायची मेहनत आहे, पण त्याशिवाय इलाज नाही.

पाणी-आणि-जाळं:
गणिताच्या आधी खूण बघा. शेपटी कातरायची नाही. जाळ्यात घासून शेपटी तशीही फाटते, मग खूण कुठली आणि ओरखडा कुठला ते कळत नाही. परदेशी पुस्तकात पाठीवरचा मांसल पर कातरा असं लिहिलेलं असतं, पण तो पर आपल्या कटला-रोहूला नसतोच. पोटाखालच्या जोडीतला डावा पर अर्ध्यावर कातरा. तो पुन्हा वाढतो, म्हणून दुसरी खेप सात ते दहा दिवसांत उरका.

बाकी:

– आदल्या दिवशी खाद्य बंद. भरल्या पोटी हाताळलेला मासा लवकर दगावतो.
– पहाटे मासे तोंड वर काढत असतील तर त्या दिवशी जाळं टाकूच नका. पाण्यात प्राणवायू कमी असतो. ऊन तापायच्या आत संपवा, एप्रिल-मेमध्ये तर हा उद्योग नकोच.
– कातरल्यावर लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवा. तडफडला की लगेच काढा.
– खुणेचे १५ मासे दोन दिवस हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवा. त्यातले ३ मेले, तर सोडलेल्या खुणेच्या माशांतूनही पाचवा भाग वजा करायचा. अशक्त मासा पाणकावळा आधी उचलतो. हे धरलं नाही तर अंदाज खऱ्यापेक्षा मोठा येतो.
– एका दिवसात चार वेळा जाळं ओढणार असाल तर धरलेले सगळे शेवटपर्यंत हाप्यात. नाहीतर तोच मासा दोनदा मोजला जातो. ही चूक फार होते.

आणि जातवार आकडे द्या. तिन्ही जाती एकत्र मोजणं हीच इथली मोठी गडबड वाटते.

शेततळं-अंबाजोगाई:
पहिली खेप: कटला ७०, रोहू ४०, मृगळ १०. दुसरी: कटला ५८, रोहू ३६, मृगळ ६. खुणेचे: कटला ६, रोहू २, मृगळ एकही नाही.

आकडेमोड:
मग कटला ७१ × ५९ ÷ ७ − १ = ५९७. रोहू ४१ × ३७ ÷ ३ − १ = ५०५, पण खुणेचे दोनच, त्यामुळे या ५०५ वर फार विसंबू नका. मृगळाला सूत्र ७६ दाखवेल. तो आकडा फेकून द्या. खुणेचा एकही सापडला नाही, तेव्हा तिथे अंदाज नाहीच, नुसती बेरीज-भागाकाराची करामत आहे.

पाणी-आणि-जाळं:
९०० सोडले आणि दोन खेपांत मिळून १६ हाती आले! मृगळ तळाशी राहतो, जाळ्याची खालची दोरी उचलली गेली की खालून निसटतो. अस्तराच्या उतारावर आणि घड्यांवर हे हमखास होतं. शिशाची वजनं लावू नका, प्लास्टिक फाटेल. कापडी नळीत वाळू भरून ती खालच्या दोरीला बांधा. सगळे मासे सारख्याच सहजतेनं सापडतात हे या पद्धतीचं गृहीतक आहे. ते मोडलं की तेच ते मासे पुन्हा पुन्हा येतात आणि अंदाज कमी निघतो. म्हणून दुसरी खेप वेगळ्या साधनानं, फेकजाळ्यानं करा, आणि एकाच कोपऱ्यात नाही, चारही बाजूंनी.

विहिरीच्या किंवा कॅनॉलच्या पाण्यातून चिलापी शिरली असेल तर ती वेगळी काढा. ती तळ्यातच पिलावते, तिचा हिशेब यात बसत नाही.

गोदाकाठ-पैठण:
हेच नाथसागरात करता येईल का?

आकडेमोड:
असं दोन खेपांत नाही. नदी, कालवे, दरवाजे, रोजची मासेमारी. मासे आत-बाहेर होतात आणि मरतात. तिथे अनेक खेपांची जॉली-सेबर पद्धत लागते, आणि खुणेचे मासे मच्छीमारांनी परत कळवावे लागतात.

शेततळं-अंबाजोगाई:
तोपर्यंत खाद्य किती टाकू? मासा सरासरी २५० ग्रॅमचा आहे.

पाणी-आणि-जाळं:
कटला-रोहू मिळून ११०० धरा, २७५ किलो. दोन टक्क्यांनी साडेपाच किलो रोज, दोन वेळा विभागून. थोडं खाद्य तबकात ठेवा. दोन तासांनी शिल्लक दिसलं तर अर्धा किलो कमी करा, तासाभरात चाटूनपुसून गेलं तर अर्धा किलो वाढवा. थंडीत मासा कमी खातो, तेव्हा एकदम वाढवू नका.