तांब्याची तार आणि ४जी एकत्र चालवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरेच आत असलेल्या एका वाड्यावर आमचे घर आहे. फायबर अजून इथवर पोचलेले नाही, त्यामुळे जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून मिळणाऱ्या इंटरनेटवरच (एडीएसएल) भागवावे लागते. एक्स्चेंज चार किलोमीटरहून दूर असल्याने लाइन अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती क्षीण होतो ते, मोडेम ५८ डेसिबल दाखवतो. डाउनलोड ३ एमबीपीएसच्या वर जात नाही आणि अपलोड अर्धा एमबीपीएसही मिळत नाही. पावसाळ्यात कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेच्या खांबावरील पेटीत पाणी शिरले, की रिसीव्हरमध्ये खरखर सुरू होते, एसएनआर मार्जिन (गोंगाटापुढे सिग्नलला उरलेली राखीव जागा) ६ डेसिबलच्या खाली घसरते आणि जोडणी तुटत राहते. (गेल्या वर्षी लाइनमनने पेटी उघडली तेव्हा तारा हिरव्या पडलेल्या होत्या आणि आत मुंग्यांनी घर केले होते.)

माडीवरच्या खिडकीत ठेवलेल्या ४जी राउटरवर सकाळी ८ ते १० एमबीपीएस मिळतात, रात्री आठनंतर जेमतेम २. शिवाय दिवसाला २ जीबीची मर्यादा आहे.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीवर एमवॅन३ हे भार वाटणारे पॅकेज बसवून दोन्ही जोडण्यांवर भार वाटून पाहिला. पण त्यात प्रत्येक कनेक्शन कोणत्या तरी एकाच वाटेने जाते, त्यामुळे एकच मोठी फाइल चढवताना काहीही फायदा होत नाही. मध्येच आयपी बदलल्यामुळे बँकेच्या साइटवरून बाहेर फेकले जाणे हा त्यातला आणखी एक ताप. तो स्टिकी नियम (एका साइटची सगळी कनेक्शन एकाच वाटेने ठेवणारा) लावून मिटवला.

माझ्या समजुतीप्रमाणे खऱ्या अर्थाने वेग जोडायचा, तर डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, दोन वाटांनी पाठवून पलीकडे पुन्हा क्रमाने लावणारे कोणी तरी हवे. जर्मनीत डॉइचे टेलिकॉमने २०१५ मध्ये हेच स्वतःच्या जाळ्यात केले: आधी डीएसएल भरायचे आणि ते अपुरे पडले तरच एलटीई (४जी) वापरायचे. आपल्याकडे कंपनी हे करून देणार नसल्याने पलीकडचे टोक आपणच उभारावे लागेल, म्हणून मुंबईत एक लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन, मल्टिपाथ टीसीपीने जोडण्या एकत्र करणारे ओपनएमपीटीसीपीराउटर बसवण्याच्या विचारात आहे. एकच कनेक्शन अनेक वाटांनी नेणारे हे मल्टिपाथ टीसीपी २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून मूळ लिनक्स कर्नलमध्येच आहे, एवढे वाचले आहे.

आता शंका. तांब्याच्या तारेवर पिंगला (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला) ३५ मिलिसेकंद लागतात, तर ४जीवर संध्याकाळी ६० ते १४० च्या दरम्यान काहीही. अशा वेळी उशिरा येणाऱ्या पॅकेटची वाट पाहण्यात एकत्र वेग नुसत्या तारेपेक्षाही कमी होतो, असा कोणाचा अनुभव आहे का? तार पूर्ण भरल्याशिवाय ४जीला हात लागू नये, अशी मांडणी त्यात नेमकी कुठे करायची? रोजचे २ जीबी वाचवायचे असल्यामुळे माझ्यासाठी हाच कळीचा प्रश्न आहे. तसेच व्हिडिओ कॉल बहुतेक यूडीपी या टीसीपीहून वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतात आणि मल्टिपाथ टीसीपी त्यांना हात लावत नाही. तर ते व्हीपीएनमधून (व्हीपीएसपर्यंतच्या बोगद्यातून) दोन्ही वाटांवर पसरावेत, की सरळ तारेवरच बांधून टाकावेत? मुलीचा ऑनलाइन वर्ग रोज संध्याकाळी सात वाजता, म्हणजे ४जी सर्वांत डळमळीत असतानाच सुरू होतो, म्हणून हे विचारतो आहे.

मोडेमचे आकडे सविस्तर हवे असल्यास इथेच टाकतो.