मदत हवी आहे: पित्ताशय काढल्यावर तेल-तूप पचतं कसं?

मंडळी, खड्यांमुळे सासूबाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ते साठवून घट्ट करतं आणि तेलकट खाल्लं की लहान आतड्यात सोडतं, इथवर समजलं. आता ते सतत थेंब थेंब झिरपणार. वरणभातावरचं चमचाभर तूप पचतं, पण चार भजी खाल्ली की लगेच धावपळ. एकदम जास्त तेल आल्यावर पित्त कमी पडतं, की जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात उतरून जुलाब होतात? डॉक्टर म्हणाले, खिचडी द्या; सासूबाईंनी साबुदाण्याची धरली! ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय, त्यांनी तळलेलं कधी आणि कितपत सुरू केलं? इसबगोलाचा कुणाला उपयोग झाला का?