'द एक्झॉर्सिस्ट' आज पाहून खरंच अस्वस्थ व्हायला होतं का?

शेवटची रांग
विल्यम फ्रीडकिनचा 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३), म्हणजे सैतानाने झपाटलेल्या रेगन या मुलीचा भयपट, परवा पुन्हा पाहिला. माझ्या मते तो आजही आतून हलवतो, पण ज्या दृश्यांसाठी गाजला ती आता बोथट झालीत. गर्रकन फिरणारी मान, हिरवी ओकारी, पलंगावरून अधांतरी उठणारं शरीर, या सगळ्याच्या इतक्या नकला झाल्यात की मूळ दृश्यच नक्कल वाटायला लागतं. मला चुळबुळायला लावलं ते इस्पितळाने. रेगनच्या मेंदूत काही दोष आहे का हे बघायला डॉक्टर तिच्या मानेत सुई घालतात, रक्ताची चिळकांडी उडते, आणि मग ते यंत्र धाडधाड आवाज करत फोटो काढत राहतं. पार्श्वसंगीत नाही. कुणी दुष्टही नाही, सगळे आपापलं काम चोख करताहेत, आणि कोवळी पोर टेबलावर जखडलेली. सैतान अजून नीटसा आलेलाही नसतो.
तुम्हाला काय वाटतं?

सरळसोट
मला वाटतं की लोक घाबरल्याचं नाटक करतात, कारण 'क्लासिक'ला कंटाळवाणं म्हणायची चोरी आहे. आधी इराकमधलं उत्खनन, मग वॉशिंग्टनमधल्या पार्ट्या, मग डॉक्टर, मग आणखी डॉक्टर. आणि सुईचं म्हणाल तर ती कुणालाही नकोशीच वाटते. एखादा वैद्यकीय माहितीपटही तेच काम करेल, त्यात भयपटाची काय करामत? १९७३ साली प्रेक्षकांना भोवळ आल्याच्या बातम्या छापून आल्या, कारण पडद्यावर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. त्या भोवळीच्या पुण्याईवर सिनेमा अजून जगतोय.

रातवा
माहितीपटात ती सुई उपयोगी पडेल अशी आशा असते. इथे आपल्याला ठाऊक असतं की पोरीचा छळ फुकट चाललाय, आणि तिची आई सोडून इतर कुणालाच तशी शंका येत नाही. एलन बर्स्टिनने रंगवलेली ही आई नास्तिक आहे. डॉक्टरांची सगळी फौज तपासून थकते आणि शेवटी तेच सुचवतात की धर्मगुरूकडून सैतान उतरवायचा विधी करून बघा, मनावर परिणाम होऊन फरक पडेल कदाचित. शास्त्र शिकलेली माणसं टेबलापलीकडून तुम्हाला हे सांगताहेत! मला अख्ख्या सिनेमात याहून भीतीदायक काही वाटत नाही.

राहिली गोष्ट जुनाटपणाची. शेवटची खोली खरोखर थंडगार करून चित्रीकरण केलंय, नटांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेम्ब्रिज या मुरलेल्या अभिनेत्रीचा. (तिचं नाव आधी श्रेयनामावलीत नव्हतं, ते तिला भांडून मिळवावं लागलं.) डोळे मिटून नुसतं ऐका. ध्वनीसाठीचं ऑस्कर उगाच नाही मिळालं.

सरळसोट
डोळे मिटले होते की. झोप लागली.

चिकित्सक
अस्वस्थ मीही झालो, पण तुमच्या कारणांसाठी नाही. या कथेत डॉक्टर हरलेच पाहिजेत, नाहीतर धर्मगुरूंना कामच उरत नाही. आधीच पत्ते लावून मांडलेला डाव आहे हा. आकडी येणाऱ्या, मनाने आजारी असणाऱ्या माणसांना 'झपाटलेलं' ठरवून जगभर काय काय केलं जातं हे माहीत असताना मला यात निव्वळ करमणूक दिसत नाही.

दुसरं म्हणजे, हा सिनेमा ज्या कादंबरीवरून निघाला ती विल्यम पीटर ब्लॅटीला सुचली १९४९ साली अमेरिकेतच गाजलेल्या एका प्रकरणावरून, आणि त्यात मुलगा होता. कादंबरीत मुलगी झाली. वयात येणारी मुलगी शिव्या देते, अश्लील बोलते, आईला मारते, क्रूस घेऊन स्वतःला इजा करते. भीती सैतानाची की त्या वयातल्या मुलीची?

शेवटची रांग
डाव धर्मगुरूंच्या बाजूने लावलाय म्हणता, पण जिंकतं कोण? (५० वर्षांनी कुणी स्पॉयलरची तक्रार करू नये.) विधी करायला आलेला म्हातारा धर्मगुरू मेरिन विधी चालू असतानाच मरतो. त्याचा जोडीदार, तरुण धर्मगुरू कॅरस सैतानाला स्वतःच्या अंगात ओढून खिडकीतून उडी मारतो आणि जिन्याच्या तळाशी जाऊन पडतो. विधी फसलेलाच आहे. शिवाय कॅरस स्वतः मनोविकारतज्ज्ञ, श्रद्धा डळमळलेली, आई एकटी मेली म्हणून मनाला टोचणी. हा धर्माचा विजय असेल तर पराभव कसा असतो?

चिकित्सक
विधी फसला तरी सिनेमात सैतान खरा निघतो, डॉक्टर खोटे पडतात. प्रचाराला तेवढं पुरतं. आणि मुलीच्या प्रश्नाला तुम्ही बगल दिलीत.

मधली सुट्टी
सगळे एकच आवृत्ती पाहून भांडताय ना? २००० साली वाढवलेली आवृत्ती आली, तीत रेगनचं कोळ्यासारखं जिन्यावरून उलटं उतरणं आहे आणि सैतानाचा चेहरा जास्त वेळा चमकवलाय. मूळ आवृत्तीत तो क्षणभर दिसतो आणि आपण खरंच पाहिला का अशी शंका येते. तेच चांगलं होतं. जिन्यावर बसून दोघा धर्मगुरूंचं बोलणंही वाढवलंय. हीच मुलगी का, असं कॅरस विचारतो. मेरिनला वाटतं की आपण निराश व्हावं, स्वतःला पशूसारखं कुरूप समजावं, हा यामागचा हेतू. ब्लॅटीला हे हवं होतं, फ्रीडकिनने १९७३ साली कापलं होतं. माझ्या मते कापलं ते बरं केलं. कारण कळलं की भीती निम्मी होते.

रातवा
असहमत. त्या दोन वाक्यांनी सिनेमाला कणा मिळतो.

चिकित्सक
त्या दोन वाक्यांत माझं उत्तर आलं. निराश व्हायचं ते 'आपण', म्हणजे भोवतीच्या मोठ्या माणसांनी. ती मुलगी नुसतं निमित्त. दोन तास जिच्या शरीरावर कॅमेरा रोखला, तिला शेवटी काही आठवतसुद्धा नाही. तिच्या बाजूने कुणी काही विचारलंच नाही, आणि मला खुपतं ते हेच.

सरळसोट
वाढीव आवृत्ती १३२ मिनिटांची आहे होय? मी तीच पाहिली असणार.