शोरूममधली सर्व्हिसिंग आणि साडेअकराचा फोन

तिसरा गिअर (धागाकर्ता)

गेल्या शुक्रवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. पेट्रोल हॅचबॅक, ३०,००० किलोमीटर, पुण्यातल्या पुण्यात घर ते ऑफिस. सकाळी नऊला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने गाडीभोवती एक फेरी मारली, ओरखड्यांचे फोटो काढले, "सहा-साडेसहापर्यंत जाईल सर" म्हणाला. मी सही केली आणि रिक्षाने ऑफिस गाठलं.

साडेअकराला फोन. "सर, थ्रॉटल बॉडी काळी झालीय, क्लीन करून घेऊ. इंजिन फ्लश रेकमेंडेड आहे. एसीला वास येतो का? डिसइन्फेक्टंट मारू. पावसाळा तोंडावर आलाय, अंडरबॉडी कोटिंगपण टाकू का?" मी मीटिंगमध्ये. फोनवर हात धरून पुटपुटलो, "करून टाका."

संध्याकाळी बिल आलं ११,८४० रुपये. घरी येऊन ग्लोव्हबॉक्समधलं मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं. ३० हजारांच्या रकान्यात ऑइल, ऑइल फिल्टर आणि एसीचा फिल्टर यांच्यासमोर 'बदला' आहे. बहुतेक इतर ओळींसमोर 'तपासा'. इंजिन फ्लशची, म्हणजे ऑइल बदलण्याआधी इंजिन आतून धुण्याची, तर ओळच नाही. हिशेब मांडला: वेळापत्रकातलं काम लेबरसकट ६,२००. उरलेले ५,६४० माझ्या 'करून टाका'चे.

शोरूम महाग असतं याबद्दल माझी तक्रार नाही. एसी वेटिंग रूम आणि मशीनचा चहा यांचे पैसे कुणाच्या तरी खिशातून जाणारच. पण गाडी लिफ्टवर चढवून, मालक कामात असताना, त्याला न कळणाऱ्या चार गोष्टींना एका दमात हो म्हणवून घ्यायचं, ही पद्धत मला सरळसरळ लबाडीची वाटते. वॉरंटी संपली की मी बाहेरच्या गॅरेजला जाणार. ज्यांना पटत नाही त्यांनी मला समजावून सांगा.

१२-१३ चा पाना

लबाडी हा शब्द जरा जपून. "करून टाका" तुम्ही म्हणालात. "नको" हासुद्धा दोनच अक्षरी शब्द आहे.

आमच्या सोसायटीतल्या एकाने तुमच्यासारखाच बाणेदारपणा करून गाडी बाहेर दिली. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ऑइल सांगितलेलं. मेकॅनिकने २०डब्ल्यू-५० ओतलं. वर म्हणतो, "साहेब, हे घट्ट असतं, इंजिनाला बरं." गाडी सकाळी उठायला कुरकुरायला लागली, अ‍ॅव्हरेज पडलं, आणि दोन महिन्यांत ते सगळं ऑइल काढून पुन्हा भरावं लागलं. वाचवलेले पैसे व्याजासकट गेले.

दुसरं म्हणजे रिकॉल. चेसिस नंबर टाकला की त्या गाडीचं काही काम कंपनीकडून बाकी आहे का ते तिथे लगेच दिसतं आणि ते फुकट होतं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक हे कुठून बघणार?

तिसरा गिअर

नको म्हणायला आधी कळावं लागतं. डेंटिस्टने तोंडात यंत्र घातल्यावर विचारलं, "हीपण दाढ करून टाकू का?" तर माणूस मानच हलवतो. रिकॉलचा मुद्दा मान्य. पण ते कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून घरीही बघता येतं, आणि त्या एका कामापुरतं शोरूमला जाता येतं.

जॉबकार्ड

सात वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. कंपनी आणि गाव सांगणार नाही. साडेअकराचा तो फोन मीच करतो असं समजा आणि शिव्या द्यायच्या तर मला द्या.

दिवसाला बारा-पंधरा गाड्या एका अ‍ॅडव्हायझरच्या नावावर पडतात. ऑइल-फिल्टरवर आमचं काही वेगळं मोजलं जात नाही. मोजलं जातं ते 'व्हॅस', म्हणजे वेळापत्रकाबाहेरची जादा कामं: तुमचं फ्लश, कोटिंग, डिसइन्फेक्टंट, टेफ्लॉन. महिनाअखेरीला गाडीमागे किती व्हॅस केलं त्यावर इन्सेंटिव्ह ठरतो. आकडा कमी पडला की सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून २५ तारखेनंतर गाडी आणू नका, हा माझा घरच्यांना दिलेला सल्ला आहे. तो इथे फुकट.

आता तुमची बाजू. थ्रॉटल बॉडी ३० हजारांना काळी दिसणारच, त्यातून इंजिनात हवा जाते. गाडी सिग्नलला थरथरत असेल, आरपीएमचा काटा नाचत असेल तर साफ करा. नसेल तर राहू द्या. फ्लशचं म्हणाल तर वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला मी स्वतःच्या पैशाने कधी केलेला नाही.

पण गिऱ्हाईकही काय करतं ते सांगतो. नऊची अपॉइंटमेंट असते, येतात अकराला, चावी फेकून "बघून घ्या सगळं" म्हणतात. 'बघून घ्या' म्हणजे नेमकं काय? आवाज येत असेल तर कुठल्या बाजूने, स्पीडब्रेकरवर की ब्रेक दाबल्यावर, हे लिहून द्या. जमलं तर मला शेजारी बसवून एक चक्कर मारा. "पुढून डावीकडून कट्ट येतं" एवढं जॉबकार्डवर, म्हणजे तुम्ही सही करता त्या कामाच्या कागदावर, आलं तर पोरगा ते शोधतो. "जनरल चेकअप" लिहिलं तर गाडी धुऊन मिळते.

आणि लेबर तासावर नसतं, कामावर असतं. प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो, पोराने तेच वीस मिनिटांत उरकलं तरी पैसे यादीप्रमाणे. 'फ्री सर्व्हिस'ला फक्त हे लेबर फ्री असतं. ऑइल-फिल्टरचे पैसे पडतात. यावरून पहिल्याच वर्षी भांडणारे रोज दोन तरी भेटतात.

१२-१३ चा पाना

तुमचा प्रामाणिकपणा आवडला, पण तुम्ही माझी बाजू पार बुडवलीत राव.

देवरुखकर

पुण्यातल्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला कोटिंग लागत नसेल. आमच्याकडे चार महिने चिखल आणि खाली उतरलं की समुद्राची खारी हवा. पहिल्या गाडीला केलं नव्हतं. सातव्या वर्षी सायलेन्सरच्या ब्रॅकेटला हात लावला तर पापुद्रा हातात आला. दुसरीला दर दोन वर्षांनी करतो. 'व्हॅस म्हणजे लूट' असं सरसकट म्हणू नका, कुठं राहता ते बघा.

मात्र रोडंट रिपेलंटचे पैसे मी कधीच देणार नाही. स्प्रे मारून घेतला त्याच्या पंधराव्या दिवशी उंदराने बोनेटखाली वायरी कुरतडल्या होत्या. आता तंबाखूची पानं फडक्यात बांधून बॅटरीशेजारी ठेवतो. उपयोग होतो की नाही देव जाणे, पण गेल्या वेळी वर्कशॉपमधल्या पोराने ती पुरचुंडी काढून मळून खाल्ली असावी असा मला दाट संशय आहे.

घाटावरचा ड्रायव्हर

आमची गाडी वर्षाला लाखभर किलोमीटर पळते, तिला शोरूम परवडतच नाही. पार्ट नाना पेठेतून आणतो, कंपनीचाच, सीलबंद खोका, एमआरपी छापलेली. मेकॅनिकसमोर खोका फोडतो, त्याच्याशेजारी स्टुलावर बसतो, जुना पार्ट हातात घेऊन बघतो. शोरूमला काचेपलीकडून बघावं लागतं. आपल्या गाडीला कोण हात लावतोय हेच दिसत नसेल तर वेटिंग रूममधल्या चहाचं काय करायचंय?

हिशेबनीस

"बाहेर केली की वॉरंटी गेली" हे वाक्य अजून कुणी टाकलं नाही, पण येणारच, म्हणून आधीच लिहितो.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण असं की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट नको. बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झालं, तेवढ्यापुरती नाकारता येईल. पुढे कंपन्या अपिलात गेल्या, हायकोर्टांत गेल्या, तो गुंता मोठा आहे. त्यामुळे या आदेशाची प्रत काउंटरवर आपटून काम होईल असं समजू नका. वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी वाचा, आणि बाहेर केलंत तर ऑइलच्या ग्रेडसकट पक्की पावती ठेवा. बाहेरचे निम्मे लोक पावती देत नाहीत, तिथेच घोडं अडतं.

अवांतर: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. लेबरवर आधीपासून १८ होताच. बिलात अजून कुठे २८ दिसला तर तिथेच विचारा. तक्रार करायचीच झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

१२-१३ चा पाना

आदेश वगैरे ठीक. पण ८० हजारांचा गिअरबॉक्स वॉरंटीत बसवायची वेळ आली तर मी कोर्टाची तारीख धरू की शिक्का मारलेलं सर्व्हिस बुक दाखवू? मागच्या वर्षी जुनी गाडी विकली. घेणाऱ्याने पहिली मागितली ती सर्व्हिस हिस्ट्री.

हिशेबनीस

वॉरंटीच्या काळापुरतं तुमचं बरोबर. धागा वॉरंटीनंतरचा आहे. घेणाऱ्याला हवी असते ती नोंद, मग पावत्यांची फाइल दाखवा. शिक्का शोरूमचाच पाहिजे असं कुठे आहे?

मिल्टन कीन्सची माई

इकडे इंग्लंडमध्ये बाहेरच्या गॅरेजात केली तरी वॉरंटी टिकते. काम कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे हवं, पार्ट त्या दर्जाचे हवेत आणि पावत्या हव्यात. तरी डीलरच्या नावाने बोटं मोडणं इथेही तसंच चालतं. एक गोष्ट मात्र मला आवडते. टेक्निशियन गाडीखाली उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवतो: हा टायर, हा ब्रेक पॅड, एवढे मिलिमीटर उरलेत. मग फोन येतो. माझ्या भावाने नाशिकला हाच व्हिडिओ मागितला, तर म्हणे "सर, मोबाइल आत अलाउड नाही."

जॉबकार्ड

अलाउड असतो. तिसरा गिअर, पुढच्या वेळी साडेअकराच्या फोनला "फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, मी अर्ध्या तासात कळवतो" एवढंच म्हणा. निम्मी यादी तिथेच गळते. आणि "जुने पार्ट डिकीत ठेवा" हे जॉबकार्डवर लिहून घ्या, सही करण्याआधी.

घाटावरचा ड्रायव्हर

धागाकर्त्याला आव्हान. एसीचा फिल्टर बिलात आहे ना? ग्लोव्हबॉक्स उतरवा, मागेच असतो. खरंच बदललाय का बघा. माझी पैज, जुनाच असेल.

तिसरा गिअर

आत्ताच बघून आलो. बायकोने टॉर्च धरला. दोन्ही बाजू आत दाबल्या की ग्लोव्हबॉक्स खाली येतो हे यूट्यूबवरून कळलं.

फिल्टर नवाकोरा आहे. पांढराशुभ्र. पैज तुम्ही हरलात आणि मीही मनातल्या मनात हरलो, कारण मलाही जुनाच निघेल असं वाटत होतं.

१२-१३ चा पाना

मग आता धाग्यातला 'लबाडी' शब्द काढा.

तिसरा गिअर

थांबा, पुढे ऐका. फिल्टरच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो. मॅन्युअलच्या चित्रात तो खाली आहे. माझ्या गाडीत वर होता.

जॉबकार्ड

नवा पोरगा असणार. घेऊन जा, पाच मिनिटांत फिरवून देतील, पैसे लागणार नाहीत.

तिसरा गिअर

मीच फिरवला. बायको लेबर मागतेय.