मदत हवी आहे: सभेला पालक आणायचे कसे?

देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, पट 23. शाळा विकास आराखडा करायचाय. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कागदावर सगळं आहे हो! सभेला येतात चौघी, त्यातल्या दोघी आज्या, कारण मुलांचे आईबाप मुंबईला. बाकीचे आंब्याच्या दिवसांत बागेत, एरवी होडीवर. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कुणाच्या तरी खळ्यातच सभा घ्यावी म्हटलं, तर नेमकी भाताची लावणी. आराखड्यात मला तिसरीचं वाचन आधी हवंय, समितीला अंगणात पेव्हर ब्लॉक. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही घरी नातवाचं वाचन घेता येईल, असं काही कुणी केलंय का? आणि सभेला कोणती वेळ जमली?