दुबई मॉल: ३ वर्षांचा मुलगा, ८ महिन्यांची मुलगी, गाडी नाही. कसं जमवावं?

दुबईत नवीन आहोत. मेट्रोने जायचंय. बाबागाडी न्यावी की मुलीला कडेवर घ्यावं?

उत्तर १
बाबागाडी न्याच. बुर्ज खलिफा/दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतचा पूलच सुमारे ८२० मीटर आहे. एसी आहे, सरकते पट्टेही आहेत, पण पोरं मॉलमध्ये शिरण्याआधीच दमतात. स्टेशनवर लिफ्टच घ्या. मेट्रोत खाणंपिणं चालत नाही, १०० दिरहम दंड आहे. म्हणून मुलाला आधीच भरवा. महिला-मुलांच्या डब्यात बाबांनी चढू नये, तिथेही दंड होतो.

उत्तर २
पिशव्या बाबागाडीच्या दांड्याला अडकवू नका, खालच्या जाळीत ठेवा. बाळाला उचललं की पुढचं वजन जातं आणि गाडी मागे कलंडते, फार वेळा होतं हे! मुलाला क्रॉक्स घालून एस्कलेटरवर नेऊ नका. मऊ रबर कडेच्या फटीत ओढलं जातं. पायरीच्या मधोमध उभं करा, हात धरा.

उत्तर ३
बाहेर ४२ अंश असले तरी आत गारठा असतो. पायमोजे आणि पातळ स्वेटर हवाच. मुलाच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा, +९७१ सकट. शिरतानाच त्याचा फोटो काढा. हरवला तर कपड्यांचा रंग ऐनवेळी आठवत नाही, फोटो सुरक्षारक्षकाला लगेच दाखवता येतो. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, मंगळवारी सकाळी जा.

प्रश्नकर्ती
मत्स्यालय फुकटात दिसतं का?

उत्तर २
हो, मोठी काच तळमजल्यावरून दिसते. आतल्या बोगद्यालाच तिकीट आहे.