मदत हवी आहे: अस्तित्वात नसलेल्या डोमेनलाही रिझॉल्व्हर आयपी पत्ता देतो

नमस्कार. वडोदऱ्यातील दांडिया बाजार भागातल्या एका मराठी संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. इंटरनेट सेवा बदलल्यापासून सभासदांची साधी पत्रेही आमचा सर्व्हर स्पॅम ठरवून परत पाठवत आहे. डीएनएस (नावांवरून आयपी पत्ते शोधण्याची व्यवस्था) तपासणाऱ्या डिग या साधनाने पाहिले असता असे दिसते की, कोणतेही काल्पनिक नाव विचारले तरी सेवादात्याचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, एनएक्सडोमेन (‘असे नाव नाही’ हा नकार, प्रतिसाद कोड 3) न देता एकच ठरावीक आयपी पत्ता देतो, आणि त्या पत्त्यावर जाहिरातींचे पान उघडते. डीएनएस ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे डीएनएसमधून विचारता येणाऱ्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, पाठवणाऱ्याची नोंद नसेल तर तिचे उत्तर एनएक्सडोमेन असेच असते. तो नकार वाटेत बदलला जात असल्यामुळे प्रत्येक पाठवणारा यादीत असल्यासारखा दिसतो, असा माझा तर्क आहे. सभासदांपैकी बरेच जण वयस्क असून पत्र परत का आले हे त्यांना उमगत नाही, म्हणून ही अडचण मला लवकर दूर करायची आहे. सेवादात्यापुढे कोणता पुरावा ठेवावा, आणि संस्थेतच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवणे पुरेसे होईल का?

उत्तर:
आपला तर्क योग्य वाटतो. ब्लॉकलिस्टचे 127 ने सुरू होणारे उत्तरच नोंद म्हणून धरावे, असे मेल सर्व्हरला आजच सांगा. जाहिरातींचा पत्ता तसा नसल्यास पत्रे येऊ लागतील.

पुराव्यासाठी सेवादात्याच्या रिझॉल्व्हरला ‘इनव्हॅलिड’ने संपणारे नाव विचारा. हे टीएलडी (नावाचा शेवटचा भाग) 1999 च्या आरएफसी 2606 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने राखून ठेवलेले असल्यामुळे त्याखाली खरा पत्ता असूच शकत नाही. मूळ (रूट) सर्व्हरला, म्हणजे डीएनएसच्या सर्वांत वरच्या सर्व्हरला, तेच विचारल्यास एनएक्सडोमेनसोबत अथॉरिटी विभागात एसओए (त्या क्षेत्राची मुख्य माहिती देणारा) रेकॉर्ड येतो. त्याचा टीटीएल (साठवून ठेवण्याची मुदत) आणि त्यातील मिनिमम हा आकडा यांपैकी लहान आकड्याइतकाच काळ तो नकार कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवावा, असे 1998 चा आरएफसी 2308 सांगतो. सेवादात्याचे आणि मूळ सर्व्हरचे अशी ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाठवा. मात्र उत्तर रिकामे आणि कोड 0 असेल तर ते गैर समजू नका, कारण नाव आहे पण मागितलेल्या प्रकारचा रेकॉर्ड नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

अनबाउंड जरूर बसवा, डीएनएससेक (उत्तरांवरील डिजिटल सह्यांची) पडताळणी सुरू ठेवून. काही ब्लॉकलिस्ट मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून आलेल्या चौकशा नाकारतात, त्यामुळे मेलसाठी स्वतःचा रिझॉल्व्हरच अधिक चांगला. परंतु मूळ सर्व्हरला थेट विचारूनही तोच जाहिरातींचा पत्ता आला, तर पोर्ट 53 वरील, म्हणजे नेहमीची डीएनएस, वाहतूक मध्येच अडवली जात आहे असे समजा. तशा वेळी पोर्ट 853 वरून, टीएलएसद्वारे (कूटबद्ध करून), विश्वासातल्या रिझॉल्व्हरकडे चौकशा पाठवाव्या लागतील.